दोर कोणाच्या हातात

१

रविवारी दुपारी आम्ही चौघं घिवलीला कुंदनच्या माडीवर जमायचो आणि खेळायचो. आमच्या वयाच्या माणसांनी फासे घेऊन बसणं लोकांना चमत्कारिक वाटतं. माझी आई तर म्हणायची, "लग्नाचं वय उलटून चाललं आणि ही राक्षस मारत बसते." पण खेळ साधा होता. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आपापलं एकेक पात्र घ्यायचं. पात्र कुठे जाणार, काय करणार हे खेळणाऱ्याने ठरवायचं. ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवायचा. जिंकणं-हरणं नाही. पात्र मेलं तर मेलं.

गोष्ट सांगायचं काम माझं. मी भाविका, पण कुंदनने मला 'तांडेल' नाव दिलं होतं, कारण त्यांच्या बोटीवर तांडेल म्हणेल ती दिशा. मी बोईसरला एका कंपनीच्या लॅबमध्ये नमुने तपासते. एकदा आलेल्या निकालावर मी विश्वास ठेवत नाही, दुसऱ्यांदा तपासते. हा स्वभाव मला घरी महागात पडला आहे, पण खेळात उपयोगी पडायचा.

कुंदन मासेमारीच्या घरातला. त्याच्या माडीवर एका बाजूला जाळी टांगलेली, कोपऱ्यात जाड दोराचं वेटोळं, आणि खिडकीतून सुकत्या बोंबलांचा वास. पाहुण्यांना तो वास दोन मिनिटं येतो, मग येत नाही. हिना आणि धीरज हे नवरा-बायको बोईसरहून स्कूटरवर यायचे. धीरज एमआयडीसीत ऑपरेटर होता, पाळीपाळीने शिफ्ट करायचा.

त्याच्या पात्राचं नाव नवशा. नवशा म्हणजे दोरवाला. कडा चढायचा असो, विहिरीत उतरायचं असो, सगळे गेले की दोराचं टोक धरून मागे राहणारा. धीरज कॉलनीत वाढलेला, त्याची भाषा पुस्तकी. पण नवशासाठी त्याने घिवलीचं बोलणं उचललं होतं. कुंदन वैतागायचा, "आमचा एक मानूस असा बोलत नाय!" तरी नवशा बोलायला लागला की तोच सगळ्यात जास्त हसायचा.

प्रत्येक धोक्याच्या जागी मी एक प्रश्न विचारायचा, हा आमचा रिवाज. "दोर कोणाच्या हातात?" आणि धीरज छाती काढून म्हणायचा, "माज्या हातात हाय." त्याशिवाय कोणी पाऊल टाकायचं नाही.

२

त्या रविवारी गोष्टीत एक खाडी होती. भरतीचं पाणी, खाली ओढ, आणि पलीकडे जायला एकच दोर. अलीकडचं टोक नवशाच्या मुठीत, आणि हिनाचं आणि कुंदनचं पात्र दोराला धरून पाण्यात. खेळ असा रंगला होता की कुंदनची आई काशीबाई जिन्यात चहा घेऊन उभी राहिली होती.

तेवढ्यात धीरज उठला. त्याची सेकंड शिफ्ट होती आणि त्याला उशीर झाला होता.

"अरे, दोर कोणाला देतोस?" मी विचारलं.

"नवशा धरून बसेल. त्याला काय काम आहे?" तो चपला घालत म्हणाला आणि गेला.

पुढच्या रविवारी धीरज नवं पात्र घेऊनच आला. चंद्रसेन नावाचा राजपुत्र, हातात आग घेऊन फिरणारा. नवशाचा त्याला कंटाळा आला होता. किती दिवस लोकांची टोकं धरून उभं राहायचं, असं त्याचं म्हणणं.

"मग नवशाचं काय?" हिनाने विचारलं.

"मेला समज."

"असा कसा मेला? खाडीत आम्ही आहोत अजून."

"तुम्ही पोचलात पलीकडे समजा, आणि तो गेला वाहून. काय तांडेल?"

खरं तर असं चालत नाही. पात्र मरतं तेव्हा त्याच्या मालकाने समोर बसायचं, शेवटचा फासा टाकायचा, निदान दोन शब्द बोलायचे. आपण ज्याला दोन वर्षं चालवलं त्याचं एवढं तरी देणं लागतो. पण धीरजचा राजपुत्र तयार होता, चहा गरम होता, आणि मला पुढची गोष्ट सांगायची घाई होती. मी म्हणाले, "ठीक आहे, मेला." हिनाचं तोंड मात्र उतरलं. तिला नवशा आवडायचा. ती तेव्हा पोटुशी होती, कशानेही रडू यायचं, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही.

३

त्याच दुपारी, गोष्टीत, तिघांची पात्रं एका भुयाराच्या तोंडाशी आली. मी सवयीने विचारलं, "दोर कोणाच्या हातात?"

"माज्या हातात हाय."

"ठीक. मग उतरा," मी म्हणाले आणि गोष्ट पुढे नेली. फासे पडले, कोळिष्टकं लागली, राजपुत्राने आग फेकली. घरी परतताना, पास्थळच्या वळणावर, माझ्या डोक्यात उजेड पडला. ते उत्तर कोणी दिलं?

मी कुंदनला फोन केला. तो म्हणाला, "धीरज बोलला ना?" धीरज म्हणाला, "मला वाटलं कुंदन माझी नक्कल करतोय." हिनाने विचारलं, "तुम्हालाही ऐकू आलं का ताई?"

कुंदनची मस्करी, असं मी ठरवून टाकलं. ठरवलं की माणसाला झोप लागते. पण लॅबची खोड जात नाही. पुढच्या वेळी मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू ठेवलं, कोणाला न सांगता. मुद्दाम प्रश्न विचारला आणि तिघांच्या ओठांवर नजर ठेवली. उत्तर आलं. ओठ कोणाचेच हलले नव्हते. तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि खेळ पुढे गेला. घाबरलेली माणसं फार शिस्तीत वागतात.

घरी, बेटेगावला, खोलीचं दार लावून मी ते ऐकलं. माझा प्रश्न होता. मग पंख्याची घरघर. उत्तर नव्हतंच. उत्तराच्या जागी एक बारीक आवाज होता, ओला दोर ताणला की करकरतो तसा. मी आवाज वाढवून पुन्हा ऐकला. तिसऱ्यांदा ऐकायचं धाडस झालं नाही, आणि माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदाच एक नमुना अर्धवट सोडला.

त्यानंतर मी काही आठवडे काहीबाही कारणं सांगून खेळ ठेवलाच नाही.

४

हिनाचा फोन आला. "ताई, घरी येता का? दिवसाच या."

बोईसरला त्यांचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. दुपारची वेळ, खालच्या दुकानात हिंदी गाणी चाललेली. धीरज खिडकीपाशी उभा होता. बस म्हटलं तर बसेना. उजव्या हाताची मूठ आवळलेली, छातीशी.

हिना मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. मूठ उघडतच नाही म्हणाली. झोपेतही नाही. डाव्या हाताने जेवतो. डॉक्टरांनी फोटो काढले, हाड, शीर, सगळं ठीक. आणि कंपनीत त्याहून विचित्र झालं होतं. त्यांच्याकडे नियम आहे, पुढच्या शिफ्टच्या माणसाने येऊन 'चार्ज घेतला' म्हणून आपलं नाव सांगितल्याशिवाय मशीनचं पॅनल सोडायचं नाही. धीरजचा माणूस आला, चार्ज घेतला म्हणाला, तरी धीरज जागचा हलेना. शेवटी चौघांनी धरून बाहेर आणला, आणि रजेवर पाठवला.

"मला सातवा चालू आहे," हिना म्हणाली. ती रडत नव्हती, याचीच मला भीती वाटली. "याला असा घेऊन मी काय करू? मूल झाल्यावर हा त्याला उचलणार कसा?"

मी बाहेर येऊन धीरजसमोर उभी राहिले. "धीरज, काय होतंय?"

"ओढ आहे गं," तो म्हणाला. "सारखी ओढ. सोडलं तर जातील."

"कोण?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं मीच वेड्यासारखं बोलतेय. "खाडीतले दोघं. तू पोचवलंस का त्यांना पलीकडे? फासा टाकलास का?"

मी त्याची मूठ हातात घेतली. बोटांच्या फटींतून आतली कातडी दिसत होती, सोललेली, लाल. आणि ओली. त्या खोलीत खाडीच्या चिखलाचा वास होता. बोईसर खाडीपासून लांब आहे. मी स्वतःला सांगितलं की मी घिवलीला घातलेले कपडे धुतले नसतील. तसे ते धुतलेले होते.

५

मी कुंदनकडे गेले. तो बोटीवर होता. अंगणात काशीबाई मांडवावर सुकत घातलेले बोंबील उलटत होत्या. मी काहीच सांगणार नव्हते आणि पाच मिनिटांत सगळं सांगून टाकलं. वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत.

"तुमचा खेळ मी जिन्यातनं आयकते," त्या म्हणाल्या. "तो नवशा भला मानूस होता."

"मावशी, तो माणूस नव्हता. धीरजच बोलायचा."

"आता बोलतोय तो कोन?"

त्यांनी हातातला बोंबील मांडवावर टाकला. "माजे सासरे बोटीवरनं पडून गेले, तवा आमच्या घरच्यांनी काय केलं, सांगते. बोट परत ढकलायच्या आदी सासूबाय किनाऱ्यावर गेल्या आनि मोट्यानं बोलल्या, तुमच्या हातचं काम आता अमक्यानं घेतलं, तुमी जावा. नाव घेऊन बोलल्या. आमच्या घरात असाच करतात. मेलेल्याला मेला म्हनून चालत नाय, पोरी. त्याला मोकला करायला लागतो. नायतर तो काम करतच ऱ्हातो. त्याला काय म्हाईत, सुटी झाली ते?"

"आणि धीरजला का त्रास?"

"हात कोनाचा होता? त्याचाच ना. दुसरा हात नवशानं आनायचा कुटनं?"

मी सायन्स शिकलेली बाई. मी मानेनेच हो म्हटलं.

६

रविवारी भर दुपारी आम्ही पुन्हा माडीवर बसलो. काशीबाई आज जिन्यात नाही, दारात बसल्या. कुंदनने फासे मांडले. हिना भिंतीला टेकून, पाय पसरून बसली. धीरज उभाच होता.

मी गोष्ट मागे नेली. भरतीची खाडी, खालची ओढ, पाण्यात दोघं, आणि काठावर नवशा. सांगताना मी एकही गोष्ट गाळली नाही. हिनाने फासा टाकला. कुंदनने टाकला. एकेक हात करत दोघांना पलीकडे सरकवायला बराच वेळ गेला. खिडकीबाहेर ओहोटी होती आणि तरी मला भिंतीला पाणी लागल्याचा आवाज येत होता. कुंदनचा फासा शेवटच्या डावाला पडला आणि खूप वेळ घरंगळत राहिला. बरा पडला.

"पोचले," मी म्हणाले. "दोघं पलीकडे. नवशा, ऐकू आलं का?"

धीरजच्या तोंडून बाहेर आलं, "आयकलं. पन दोर कोनाला देऊ?"

"आता चंद्रसेन घेईल," मी हळूच धीरजला म्हणाले. "तसं बोल. चंद्रसेनाचं नाव घे."

पण धीरजला कित्येक वर्षांची सवय होती. रोज शिफ्ट बदलताना जे वाक्य तो म्हणायचा, तेच त्याच्या तोंडी बसलं होतं. तो ताठ झाला, डावा हात पुढे केला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "चार्ज घेतला. धीरज."

मूठ उघडली. एकदम, सहज, झोपलेल्या मुलाची उघडते तशी. हिना ओरडली आणि त्याच्या गळ्यातच पडली. कुंदन डोळे पुसत हसत होता. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण एवढ्या आनंदात नाव चुकलं म्हणून कोण हटकणार? चाललं म्हणजे झालं, असं मी मनाशी म्हटलं.

तो आपल्या तळव्याकडे बघत होता. पुन्हा पुन्हा बोटं मिटत होता, उघडत होता. मग दारातून जिन्याकडे निघाला. काशीबाई त्याला एरवी 'ए धीऱ्या' म्हणून हाक मारायच्या, पाठीत धपाटा घालायच्या. त्या उठल्या, बाजूला सरल्या आणि त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

७

आम्ही सगळे अंगणात उतरलो. ऊन कललेलं, मांडवाच्या सावल्या लांब झालेल्या. हिनाने स्कूटरची चावी त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली नाही.

"तू हान," तो म्हणाला. "माला येत नाय."

हिना खळखळून हसली. "बघा ताई, अजून नवशाचंच बोलतोय! आणि मला स्कूटर दिली! लग्न झाल्यापासून कधी हात लावू दिला नव्हता." तिच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी रंग आला होता. तो मागे बसला आणि एक हात तिच्या खांद्यावर ठेवला, फार जपून, जसं ते सगळं ओझं त्यालाच सांभाळायचं आहे.

फासे वर राहिले होते. मी परत माडीवर गेले.

खोलीत फासे होते, चहाचे कप होते. कोपऱ्यातलं दोराचं वेटोळं नव्हतं. दोर खिडकीतून बाहेर गेला होता, सरळ, ताणलेला, खाडीच्या दिशेने. ओहोटी लागून बोटी चिखलात बसल्या होत्या, ओढायला तिकडे काहीच नव्हतं. तरी तो थरथरत होता. त्याचं दुसरं टोक टांगलेल्या जाळ्यामागे गेलं होतं. जाळ्याच्या कडेला एक मूठ दिसत होती, तेवढीच. मनगटावर धीरजचं घड्याळ होतं.

"भाविका," तो म्हणाला. त्याचं ते स्वच्छ, पुस्तकी मराठी. "माझ्या जागी कोणी येतंय का गं?"

दोराचं ते वेटोळं कुंदनने उचललं असेल, ऊन डोळ्यांवर आलं असेल, मी दमले असेन. सगळी कारणं एकेक करून माझ्यापुढे आली आणि एकही टिकलं नाही.

"हाताला फार लागतंय," तो म्हणाला. "सोडू का?"

खाली स्कूटर सुरू झाली. त्याच क्षणी दोराला एवढा हिसका बसला की जाळी हलली, आणि मूठ पांढरी पडली. खाली हिना हसत हसत कुंदनला काहीतरी सांगत होती. पलीकडच्या टोकाला आता कोण होतं, ते मला कळलं. धीरजच्या अंगात शिरलेला नवशा हिनाला घट्ट धरून घरी चालला होता, आणि त्याला इथून धीरजने धरलं होतं.

"सोडू नकोस," मी म्हणाले.

"कधीपर्यंत?"

तांडेलला उत्तर द्यावंच लागतं. "रविवारपर्यंत," मी म्हणाले.

"बरं," धीरज म्हणाला. त्याने विश्वास ठेवला.

मी जिना उतरले. स्कूटर वळणावर दिसेनाशी झाली होती. काशीबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्या बोंबील गोळा करत राहिल्या.

हिनाला मुलगी झाली. तो मुलीला दिवसभर दोन्ही हातांत घेऊन असतो. हिना म्हणते, "तो खेळ पुरे झाला ताई, आता नको." इतका मायाळू नवरा कुठल्या बाईला परत करावासा वाटेल? मी तिला काय सांगू, आणि सांगून तिच्याकडून काय काढून घेऊ, हे मला आजही ठरवता येत नाही. कुंदनने माडीला कुलूप लावलं आहे. धीरजची मला फार आठवण येते. रविवारी दुपारी मी घरीच असते. आम्ही पुन्हा खेळायला बसलो नाही.